मदत हवी आहे: बारा बोर बंदूक कोल्हापूरला दुरुस्तीला पाठवायची आहे, कुरिअर घेईल का?

माडबाग: डबल बॅरल बिघडली आहे. इथे जवळपास दुरुस्त करणारं कोणी नाही, कोल्हापूरला एक परवानाधारक कारागीर आहेत. मला सुट्टी नाही. कुरिअरने पाठवता येईल का? परवाना आहे. लवकर सांगा, डुकरांनी भाताची वाट लावली आहे.

काजूवाला: ठासणीची (तोंडातून दारू ठासायची) की काडतुसाची? नक्की बिघडलंय काय?

घाटवाट: कोणतंही कुरिअर उघडपणे घेणार नाही. नळी, दस्ता सुटे करून 'पंपाचे भाग' लिहून टाक, पोचतं.

वकील_सावंत: घाटवाट, असले सल्ले देऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भागही येतात, त्यामुळे नुसती नळी पाठवली तरी ते शस्त्रच. शिवाय खोटं वर्णन लिहिलेलं. पार्सल वाटेत उघडलं तर पाठवणारा आणि परवाना दोन्ही अडकतील.
माडबाग, परवाना कोणाच्या नावावर? हद्द कुठली लिहिली आहे?

माडबाग: वडिलांच्या. शेतसंरक्षणाचा. हद्द सिंधुदुर्ग जिल्हा. ते ७८ वर्षांचे आहेत, घाट चढून प्रवास जमणार नाही. आणि बंदूक काडतुसाची आहे, ठासणीची नाही.

वकील_सावंत: हे आधी सांगायला हवं होतं. कलम ३ च्या परंतुकानुसार परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकते, तिच्याकडे स्वतःचा परवाना नसला तरी. वडिलांच्या सहीचं पत्र घ्या, त्यात बंदुकीचा क्रमांक आणि कारागिराचं नाव-पत्ता लिहा. पण कोल्हापूर हद्दीबाहेर आहे, तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत अर्ज करून परवानगी आधी घ्या.

घाटवाट: पत्राने काही होत नाही. माझ्या भावाला पत्र असून नाक्यावर दोन तास बसवून ठेवलं होतं.

वकील_सावंत: मूळ परवाना जवळ होता का?

घाटवाट: झेरॉक्स होती.

वकील_सावंत: मग बसवणारच.

काजूवाला: डुकरांसाठी सौर कुंपण करा. मी दोन वर्षांपूर्वी केलं, तेव्हापासून बंदूक कपाटातच आहे.

बाबूराव_गाव: निवडणूक लागली की तशीही ठाण्यात जमा करावी लागते. आमच्याकडे सरसकट सगळ्यांची मागतात, खरं तर छाननी समितीने ज्यांची ठरवली त्यांचीच घ्यायला हवी.

जुना_नेमबाज: बाकीचं बाजूला ठेवा. माडबाग, बिघाड काय आहे ते काजूवाल्यांनी विचारलं तरी तुम्ही सांगितलेलं नाही. नळीत काडतूस आहे का?

माडबाग: डावीकडचं एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा भाग) तुटलं आहे, काडतूस बाहेर येत नाही. चाप ओढला तेव्हा ते फुटलं नव्हतं. आठ दिवस तसंच आहे. गजाने ढकलून बघणार होतो.

जुना_नेमबाज: गज अजिबात घालू नका! ते जिवंत काडतूस आहे आणि गज घालताना हात नळीच्या तोंडाशी असतो. स्क्रूड्रायव्हरने मागची कड उचकटायचीही नाही, काडतूस पेटवणारी टोपी तिथेच असते. बंदूक बिजागरीवर वाकवून उघडलेलीच ठेवा, म्हणजे घोडा टोपीवर पडू शकत नाही. खोलीला कुलूप लावा, नळीच्या पुढे किंवा मागे कोणी थांबू नये. या अवस्थेत ती गाडीत घालायची नाही, कितीही परवानग्या असोत. ठाण्यात फोन करून आर्मोरर (पोलिसांचा शस्त्र-कारागीर) मागा.

माडबाग: करतो. वडील रोज तिच्याशेजारीच झोपायचे.

(तीन दिवसांनी)

माडबाग: आर्मोरर घरी येऊन गेले, काडतूस काढलं. टोपीवर आदळणाऱ्या पिनचा अगदी हलका डाग आहे. गृह शाखेत अर्ज दिला. पत्र आणि मूळ परवाना घेऊन धाकटा भाऊ जाईल.

जुना_नेमबाज: डाग हलका म्हणजे बहुधा पिन झिजली आहे किंवा स्प्रिंग मऊ पडली आहे. नुसतं एक्स्ट्रॅक्टर बदलून आणू नका, दोन्ही नळ्यांच्या पिना तपासून घ्या. नेताना नळ्या सुट्या करून कुलपाच्या पेटीत ठेवा. काडतुसं सोबत नकोतच, चाचणीची कारागिराकडे असतील. तिथे ठेवून यायची झाली तर क्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय भावाने निघू नये.

काजूवाला: कुंपणाचा विचार मात्र करा.