साबणाची किंमत: तेलाच्या दुप्पट पुरत नाही

ताई, 'तेलाचा खर्च दुप्पट केला की झाली किंमत' हे तुमचं गणित मीही पहिलं वर्षभर केलं. दिवाळीच्या प्रदर्शनात सगळा माल संपला आणि हातात काहीच उरलं नाही!

माझा घाणा, म्हणजे एका वेळी करायचा साबण, एक किलो तेलाचा. कॉस्टिक सोडा (तेलाचा साबण करणारा क्षार) आणि पाणी धरून साधारण १४४० ग्रॅम, म्हणजे १२० ग्रॅमच्या बारा वड्या. चार ते सहा आठवडे सुकल्यावर त्याच १०५ ग्रॅमच्या आसपास येतात. वेष्टनावर वजन सुकल्यानंतरचं लिहायचं, ओल्याचं नाही.

आता एका घाण्याचा खर्च, रुपयांत. तेलं ३८०, कॉस्टिक ३०, सुगंधासाठी लॅव्हेंडरचं तेल २४०, वेष्टन १२०. एकूण ७७०, वडीमागे ६४. त्यात माझे तीन तास, तासाला १०० धरून (कामवाल्या मावशींना देतो, मग स्वतःला का नाही?) वडी ८९ ला पडते. फसलेला घाणा आणि फुकट वाटलेले नमुने अजून धरलेलेच नाहीत.

तुम्ही वडीची किंमत १३० म्हणताय. घरून विकलात तर ठीक. पण दुकानदाराने ३५ टक्के कापले की हातात साडेचौऱ्याऐंशी, म्हणजे पदरचे गेले. मी सगळीकडे १८० ठेवते. घरी स्वस्त दिलं तर दुकानदार माल परत करतो, आणि त्याचंही बरोबरच आहे.

आणि हो, विक्रीसाठी बनवायचा तर सौंदर्यप्रसाधनांचा उत्पादन परवाना लागतो. तो खर्चही वडीवरच चढणार. सुगंध बदलून पाहा, लॅव्हेंडरऐवजी गवती चहाचं तेल बरंच स्वस्त पडतं.