वाघाचं पोस्टर दाखवून पोरांना निसर्ग कसा शिकवायचा? (तलावावर काही करता येईल का)

धानबांधी:
नमस्कार मंडळी, आम्ही पाच-सहा जण अर्जुनी मोरगाव (गोंदिया जिल्हा) तालुक्यातले. मागच्या वर्षी संस्था रजिस्टर केली, पर्यावरण शिक्षण वगैरे उद्देश टाकून. जानेवारीत एका जिल्हा परिषद शाळेत पहिला कार्यक्रम केला, प्रोजेक्टर नेला, वाघ, ओझोन, प्लास्टिक सगळं दाखवलं, पोरं गप्प बसली होती तर मला वाटलं रंगली. मग चौथीतली एक पोरगी म्हणते, "सर, आमच्या वावराकडं येते तोच वाघ हाय का हा?" आणि मागून एक पोरगा, त्याच्या काकाच्या दोन शेळ्या वाघानं नेल्या, भरपाईचे पैसे भेटले नाहीत. मी सरळ पुढची स्लाइड लावली. अजून लाज वाटते.
शाळेच्या मागंच मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) आहे, अर्धा बेशरमच्या झुडपांनी भरलेला. तिथं काही करता येईल का? परवानगी कोणाची? बँकेत १४ हजार आहेत फक्त.

पाळीवरचा:
आमी ढिवर, मासेमारी करणारे, आजा-बापाची जिंदगी तलावातच गेली म्हणून सांगतो. बेशरम उन्हाळ्यात काढा, पाणी उतरलं की, आणि मुळासकट खोदून. वरून कापून तिथंच चिखलात टाकलं तं प्रत्येक कांडी फुटते, आमच्या गावात रोजगार हमीत असंच केलं, दोन वर्षांत डबल झाली. काढलेली पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, बाहेर नेऊन वाळवायची. चीक असते तिले, ढोरंही तोंड लावत नाहीत, म्हणून हे काम पोरायकडून करून घेऊ नका.
पण नुसती काढून काही होत नाही भाऊ. मोकळ्या जागी गाद, देवधान, कमळ ह्या पाण्यातल्या वनस्पती परत लावा लागते, पहिल्या पावसानंतर. तिथं मासा अंडी घालते, तिथंच पिल्लं लपतात. आणि मासेमारी सोसायटीवाले गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडत असतील तं आधी त्यायच्याशी बोला, नाही तं तुमी लावान अन तो खाईन. सायप्रिनस मासा तं गाळच उकरते सगळा. आमच्या लहानपणी बोटरी, शिंगी, वागूर असे किती तरी मासे भेटत, आता रोहू-कतला सोडून पोरायले नाव माहीत नाही.
तुमाले मास्तर पाहिजे असंन तं गावातली एखादी ढिवर म्हातारी बोलवा. प्रोजेक्टर घरी ठेवा.

कोरडवाहू:
कार्यक्रम कोणताही करा, शेवटी सर्टिफिकेट अन ग्रुप फोटो. आमच्या यवतमाळकडं एक संस्था दर जुलैत त्याच खड्ड्यात झाड लावते, खड्डा आता ओळखीचा झाला. पाणी कोण घालणार विचारलं तर गाडी निघून गेलेली असते. तुमचं तसं होऊ नये म्हणजे झालं.

रिटायर_बाई:
मी ३१ वर्षं शाळेत होते, त्यातली बरीच भंडाऱ्याकडं. तलावाचं आधी विचारून घ्या. १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचा असेल तर बहुतेक जिल्हा परिषदेचा, मासेमारी सोसायटीकडं, म्हणजे दोघांनाही पत्र, शिवाय ग्रामसभेत विषय घ्या. पाच-सहा जणांनी जाऊन खोदायला लागलात तर भांडणच.
मुलांना आधी तलाव वाचायला शिकवा. पाळ कुठली, तुडुम (पाणी सोडायची जागा) कुठं, जास्तीचं पाणी सलंगावरून (सांडव्यावरून) कुठं जातं, कोणाच्या बांधीला (धानाच्या शेताला) आधी मिळतं. आमची सातवीची मुलं काठी पुरून दर शनिवारी पाणी मोजायची, वहीत लिहायची, त्यात गणितही झालं. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, तेव्हा थोडं थंड असतं, मुलं पाळीवर बसून मोजतात. नावं गावातली लिहू द्या, पुस्तकातली नंतर. पंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते, गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद असलेली, ती पण मागा. आमच्या इथल्या वहीत न दिसणारे मासे होते आणि दिसणारे नव्हते, मुलांनी ती चूक शोधली तेव्हा काय आनंद!
आणि त्या शेळ्यांचं उत्तर द्यायलाच हवं होतं, राग मानू नका. ४८ तासांत वनविभागाला कळवायचं, मेलेलं जनावर हलवायचं नाही, पंचनामा होऊ द्यायचा. त्या काकानं बहुतेक उशिरा कळवलं असेल किंवा शेळी उचलली असेल. वाघाचा धडा तिथूनच सुरू करा, मुलं घरी जाऊन सांगतील.

धानबांधी:
बाई, बरोबर आहे, काल त्या पोराच्या घरी गेलो. शेळ्या पुरून टाकल्या होत्या, पंचनामा नाहीच. आता काही होणं अवघड दिसते. त्याच घरात त्याची आजी भेटली, पूर्वी पागोळी जाळ्यानं मासे धरायची, तिनं बसल्या बसल्या अकरा माशांची नावं सांगितली, मला तीनच माहीत होती. शनिवारी शाळेत यायला तयार आहे, पण म्हणते माईक नको.
पाळीवरचा भाऊ, गाद कुठून आणायची?

पाळीवरचा:
विकत नाही भेटत. आमच्या तलावात हाय, सोसायटीले विचारून गड्डे काढून देतो, पोतं घेऊन या. ओलं ठेवा लागते, गाडीत उन्हात टाकू नका. अन त्या आजीले विचारजा, तिच्या गावात मोहरी मासा कधीपर्यंत भेटे.