लोकलमधले टीसी : दंड घ्या, पण पाणउतारा कशाला?

ठाकुर्लीकर
मुंबईच्या लोकलमध्ये फुकट्यांना दंड व्हायलाच हवा, त्यावर वाद घालायचा नाही. माझा मुद्दा पकडल्यानंतरच्या पंधरा मिनिटांचा आहे. पुलाच्या जिन्याशी चार-पाच जण भिंतीला लावून उभे, येणारे-जाणारे वळून बघतायत, टीसी ‘ए, चल बाजूला हो’ अशा एकेरीवर आणि पोराचा मोबाइल टीसीच्या हातात. रेल्वे कायदा १९८९, कलम १३८ काय सांगतं? भाडं भरा, वर तेवढाच जादा आकार किंवा २५० रुपये, यातलं जे जास्त असेल ते. पैसे द्यायला नकार दिला तर दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. मोबाइल अडकवून ठेवणं किंवा ‘बापाला फोन लाव’ म्हणणं त्या कलमात नाही. आणि हे एकेरी नेमकं मजुरांच्या, कॉलेजच्या पोरांच्याच वाट्याला का येतं? फर्स्ट क्लासमध्ये सेकंडचा पास घेऊन बसलेल्या इस्त्रीच्या शर्टाला मात्र ‘सर, जरा खाली उतरता का?’

बोरीबंदर
बोलायला सोपं आहे. लोकल स्टेशनात अर्धा मिनीटही थांबत नाही. ‘आपलं तिकीट दाखवता का?’ म्हणेपर्यंत समोरचा गर्दीत गडप. एकटा माणूस शंभर जणांच्या लोंढ्याला अडवतो, ‘पास घरी राहिला’, ‘मी फक्त सोडायला आलो होतो’ हे रोज ऐकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये चर्चगेट-विरार एसी लोकलमध्ये दंड मागितला म्हणून टीसीला मारहाण झाली, शर्ट फाडला. तेव्हा प्रवाशांच्या सभ्यतेवर किती जणांनी लिहिलं?

ठाकुर्लीकर
मारहाणीचं समर्थन कोण करतंय? म्हणूनच तर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने मुंबईत टीसींना अंगावर लावायचे कॅमेरे द्यायला सुरुवात केली ते मला पटलं. दोघांचीही भाषा रेकॉर्ड होऊ दे.

विरारची फर्स्टक्लासवाली
तुमचं दोघांचं भांडण सभ्यतेवर चाललंय. माझी तक्रार, टीसी दिसतच नाहीत! सकाळी आठच्या गाडीत फर्स्ट क्लासच्या लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नसते, निम्म्या बायका सेकंडच्या पासवर. तेव्हा कोणी चढत नाही. दुपारी दोनला रिकाम्या डब्यात येऊन माझा पास उलटसुलट बघतात. उद्धट चालतील, पण गर्दीच्या वेळी या बाबांनो.

पासधारक
पैसे भरूनही सापडणारे आहेत त्यांचं काय? मोबाइलवर तिकीट काढलंय, बॅटरी संपली, तुम्ही विनातिकीट. सीझन पास खिशात आहे, पण ओळखपत्र घरी, तरीही विनातिकीट. नियम आहे, कबूल. पण घामाघूम होऊन चार्जर शोधणाऱ्याला ‘नाटकं करू नको’ म्हणायची काय गरज? पाच मिनिटं थांबा, चार्ज करू द्या.

बोरीबंदर
आणि त्या पाच मिनिटांत दहा फुकटे पसार. शिवाय ॲपमधल्या पासासारखं हुबेहूब चित्र बनवून दाखवणारे पकडले गेलेत. टीसीने ॲप उघडून बघायचा हट्ट धरला की लगेच ‘संशय घेतो’ म्हणून बोंब. संशय घेणं हे त्याचं कामच आहे हो.

ठाकुर्लीकर
संशय घ्या, आवाज कशाला चढवता? एवढंच विचारतोय.

वकीलीण बाई
एक भर घालते. कलम १३९ नुसार सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या बाईला किंवा मुलाला तिकिटावरून वाटेल तिथे उतरवता येत नाही. प्रवास सुरू केला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं मुख्यालय, आणि तेही दिवसाच. रात्री अकराला एकट्या मुलीला मधल्याच स्टेशनवर ‘उतर खाली’ म्हटलं तर तो केवळ उद्धटपणा नाही, कायदा मोडणं आहे. दंड मात्र तिलाही आहे, तेवढं लक्षात ठेवा.

विरारची फर्स्टक्लासवाली
बाई, हे टीसींना पाठ असेल असं वाटतं तुम्हाला?

डोंबिवली फास्ट नाही
सगळे भाषेवर अडलात. पावती न फाडता ‘शंभर दे आणि नीघ’ म्हणणारा भेटलाय का कोणाला? त्याच्याइतकं गोड कोणी बोलत नाही. ओरडून का होईना, २५० आणि भाड्याची पावती हातात ठेवणारा मला चालतो.

ठाकुर्लीकर
पावतीही हवी आणि ‘अहो’ही हवं. दोन्ही मागणं म्हणजे फार झालं का?