ऑरगॅनिक क्राफ्ट बिअर: चवीत फरक पडतो की नुसतं लेबल?

फेसाळ:
मंडळी, आम्ही तिघं मित्र छोटी ब्रुअरी काढतोय, एका वेळी 500 लिटर एवढीच, आणि त्यातल्या एकाच्या डोक्यात ऑरगॅनिकचं खूळ शिरलंय. मला कळत नाही, सातू उकळून आंबवून गाळून झाल्यावर शेतात त्याच्यावर काय फवारलं होतं ते पिणाऱ्याच्या जिभेला कळणारे का? कोणी केलंय का हे?

सातूवाला:
चवीसाठी करत असाल तर सोडा. डोळे बांधून प्यायलात तर तुम्हाला ओळखता येणार नाही आणि मलाही नाही. फरक शेतात पडतो, मातीला आणि तिथं राबणाऱ्याला, ते पटत असेल तर करा.
माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, तसा त्रास नाही, ऑरगॅनिक मिळतं. खरी गोची हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची. वेल पाच-सहा मीटर वर चढतो, दाट पानं, आत दमट, मग केवडा, भुरी, मावा सगळे हजर, आणि रासायनिक फवारणी न करता ते सांभाळायचं म्हणजे शेतकऱ्याचा जीव जातो, म्हणून पिकवणारे कमी आणि जातीही मोजक्याच. अमेरिकेत तर 2012 संपेपर्यंत साधे हॉप्स घालूनही बिअरला ऑरगॅनिक म्हणता यायचं, कारण ऑरगॅनिक मिळत नाही अशा मालाच्या यादीत हॉप्स होते आणि तसा माल पाच टक्क्यांपर्यंत चालायचा; 500 लिटरला माल्ट साधारण 100 किलो लागतं आणि हॉप्स दोन-तीन किलो, म्हणजे पाच टक्क्यांच्या आतच. 1 जानेवारी 2013 पासून ती पळवाट बंद झाली.

गाळणी:
सातूवाला बरोबर बोलतायत. आमची फजिती सांगतो. हवी ती जात परत मिळेल न मिळेल म्हणून वर्षभराचे ऑरगॅनिक हॉप्स एकदम घेतले, त्यातल्या एका पिशवीचं सील सुटलेलं होतं, कोणी बघितलं नाही. सहा महिन्यांनी ड्राय हॉपिंगला (वासासाठी न उकळता टाकीतल्या बिअरमध्येच हॉप्स घालतात ते) नाक न लावता सरळ टाकीत ओतली आणि तीन दिवसांनी नळ उघडला तर शिळं चीज आणि घामट मोजे, दोन्ही एकदम! हॉप्सना हवा लागली की असंच होतं. अख्खी टाकी गटारात. प्रमाणपत्र मात्र शाबूत होतं राव 😄
तेव्हापासून पिशवी उघडली की चिमूटभर तळहातावर चोळून वास घेतल्याशिवाय टाकत नाही.

फेसाळ:
बाप रे. मग सगळंच ऑरगॅनिक न करता एकच बिअर तशी केली तर?

सातूवाला:
जमतं की, पण मग माल्टची पोती वेगळी ठेवा, चक्की आणि पाईप आधी साफ करा, आणि कुठलं पोतं कुठल्या बॅचला गेलं ते लिहून ठेवा, तपासणीला येतात ते बिअर पीत नाहीत, वही बघतात. यीस्ट आणि टाकी धुवायची रसायनं कुठली चालतात तेही प्रमाणपत्र देणाऱ्यांना आधीच विचारा, नंतर नको.
आणि पहिली बिअर गव्हाची करा. तिच्यातला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमधून येतो, हॉप्स नावालाच लागतात, म्हणजे अर्धी डोकेदुखी तिथंच गेली.

फेसाळ:
गव्हाची मला चालेल हो. पण ज्याचं हे खूळ आहे ना, त्याला फक्त आयपीए आवडते, म्हणजे भरपूर हॉप्सवाली.

गाळणी:
मग त्यालाच पिशव्यांचा वास घ्यायला बसवा.