विद्यापीठाच्या ग्रंथालयात व्हिडिओ गेम जपावेत का?

राजारामपुरीकर:
काल माळ्यावरून टीव्ही गेमची पेटी काढली. पिवळी कॅसेट, वर '९९९९ इन १' छापलेलं. आत दहाएक गेम, तेच परत परत. फुंकर मारली, पुसून बसवली, पडदा करडाच. मुलीला दाखवायला काही उरलं नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयानं हे गोळा करावं असं मला मनापासून वाटतं: कॅसेटी, रिमोट, पिक्चर ट्यूबचा टीव्ही. मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००८ पासून असा संग्रह आहे, पोरं तिथं बसून खेळतात. बाबूराव पेंटरांचे मूकपट याच गावात झाले, आज बहुतेक बघायला मिळत नाहीत. पुण्यात फिल्म संग्रहालय आलं १९६४ला. तोवर उशीर झाला होता.

वाचनालयवाली:
मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. नियतकालिकांची वर्गणी भरतानाच दमछाक होते. शिवाय तुमची कॅसेट मुळात चोरीची प्रत. दाखल रजिस्टरात चढवू कशी? कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनं ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल साठवण करता येते, पण हाताशी बिगर-डिजिटल प्रत असेल तरच. गेमची तशी प्रत असतेच कुठं?

राजारामपुरीकर:
ताई, कायदा मान्य. पण निन्टेन्डो कंपनीची अस्सल पेटी आमच्या गल्लीत कुणी पाहिलीच नव्हती, तिचा मारिओ भेटला तो या नकली पेटीत. मग आमचं बालपण कुठल्या कपाटात शोधायचं? अमेरिकेतसुद्धा २०१०पूर्वीच्या ८७ टक्के गेम आज बाजारात रीतसर मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीत दिसलं.

शुक्रवार पेठेतला:
भावा, पेटी ठेवून काय करणार? पब्जी या ऑनलाइन गेमवर २ सप्टेंबर २०२०ला बंदी आली, ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद. ते कुठल्या कपाटात ठेवशील? जपायचंच तर माणसांचं बोलणं रेकॉर्ड कर. आमच्याकडं व्हिडिओ गेम पार्लरवाले काका वहीत प्रत्येक पोराची वेळ लिहायचे. अर्धा तास झाला की हातातनं रिमोट काढून घ्यायचे, पैसे उरले असतील तर पुढच्या पानावर जमा. कोण शाळा बुडवून यायचा तेही त्या वहीत दिसायचं.

वाचनालयवाली:
ही वही मात्र मी आनंदानं घेईन. बोलणंही लेखी संमतीनं रेकॉर्ड करू. कॅसेटला माझा नकार कायम आहे.

राजारामपुरीकर:
कॅसेटवरून आपण भांडत राहू. काका आहेत का अजून? रविवारी येतो.

शुक्रवार पेठेतला:
आहेत. पण २०१९च्या पुरात दुकानात पाणी शिरलेलं. वही वाचली का, उद्या विचारून सांगतो.