जुन्या फायबर बोटीचा ट्रान्सम कुजलाय, इपॉक्सी भरून चालेल का?

प्रश्न: मंडळी, १६ फुटी जुनी फायबरची बोट घेतलीये. इंजिनवर जरा जोर दिला की मागचा ट्रान्समच हलतो, म्हणजे इंजिन बसतं ती मागची भिंत, बाहेरून फायबर आणि आत लाकूड. काल ड्रेनच्या भोकाजवळचा स्क्रू नुसता बोटांनी निघून आला आणि मागोमाग काळं पाणी, वास कुजक्या पाल्याचा. बाहेरून फायबर एकदम ठणठणीत. एक जण म्हणतो भोकं पाडून पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) सोड, लाकूड दगड होतं. खरंच होतं का?

उत्तर: नाही होत रे. ओल्या लाकडात इपॉक्सी नीट मुरतच नाही, भोकाभोवती गोळा होऊन बसतं आणि आत कुजणं चालूच राहतं. आधी किती गेलंय ते बघ. छोट्या हातोडीने सगळीकडे ठोक, चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. मग आतल्या बाजूने बारीक भोकं पाडून भुसा बघ, फिक्कट आणि कोरडा आला तर ठीक, काळा चोथा आला तर ते लाकूड गेलं. तळाचे स्ट्रिंगर, म्हणजे बोटीला ताकद देणारे लांब आडवे दांडे, पण तपास, ट्रान्सम गेला की तिथेही पाणी पोचलेलं असतं बऱ्याचदा.

उत्तर: मी माझा ट्रान्सम दुरुस्त केलाय, आतून. ग्राइंडरने आतली फायबरची कातडी कापली, बाहेरची तशीच ठेवली म्हणजे आकार बिघडत नाही. लाकूड अक्षरशः हाताने ओरबाडून निघालं, खाली मात्र एक पट्टा इतका चिवट होता की छिन्नीने तासंतास लागले. मग बरेच दिवस नुसतं वाळू दिलं. १८ मिमीचे मरीन प्लायचे दोन थर घट्ट केलेल्या इपॉक्सीने चिकटवले, क्लॅम्प फार आवळू नको, सगळा गोंद बाहेर येतो. आणि ग्राइंडिंगला चांगला मास्क हवाच, फायबरची धूळ वाईट असते.

प्रश्नकर्ता: पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, ते चालेल?

उत्तर: लाकडाला ते इपॉक्सीइतकं धरत नाही, इथे पैसे वाचवू नकोस. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरवरही छान बसतं, फक्त आधी घासून घे. आणि प्लायवर परत फायबर चढवताना साधं चॉप्ड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) वापरू नको, त्यातला बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा पदार्थ, बहुतेक वेळा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळणारा असतो, इपॉक्सीत मॅट कडकच राहतं. काचतंतूंचं विणलेलं कापड घे. शेवटी प्रत्येक बोल्टचं भोक मोठं पाड, घट्ट इपॉक्सीने भर, वाळल्यावर मधून बोल्टच्या मापाचं भोक पाड. तुझ्या त्या ड्रेनच्या स्क्रूचं पण असंच कर, पाणी बहुतेक तिथूनच शिरलंय.