गणपतीच्या प्रवासासाठी शब्दांची कोडी हवीत, आजीलाही चटकन न सुटणारी

ठाणेकरीण
गणपतीला ठाण्याहून गुहागरला गाडीने निघतोय. वडखळ आणि माणगावला किती वेळ अडकू ते बाप्पालाच ठाऊक. मागच्या सीटवर मुलगी (तिसरीत), पुतण्या (सातवीत) आणि दोघांच्या मधे सासूबाई. मोबाइल हातात दिला की पुतण्याला गाडी लागते आणि मुलगी तो हिसकावायला बघते, म्हणून कोडी घालायची ठरवलीय.

अडचण अशी की नेहमीची कोडी आईंनी (सासूबाईंनी) केव्हाच वापरून झाली आहेत. 'काळा घोडा, पांढरी स्वारी', 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे', 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया'. मी नुसतं 'काळा' म्हटलं तरी मागून 'तवा!' अशी आरोळी येते. पुढचं 'एक उतरला, दुसऱ्याची पाळी' म्हणायलाही मिळत नाही.

तर वस्तूचं वर्णन असलेली नकोत. शब्दातच चकवा हवा. आणि कृपा करून इंग्रजीवरून उतरवलेली देऊ नका, ती मराठीत अजिबात लागत नाहीत.

अति_शहाणा
कोकणात चालला आहात म्हणून: 'कोकणातून आला भट, धर की आपट.' उत्तर शेंबूड. तिसरीतली मुलगी पेणपर्यंत हसत बसेल. वर्णनाचं आहे, पण माझ्याकडे एवढंच आहे.

मिरजेचे_मास्तर
ताई, मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, आता घरी असतो. पावसाळ्यात शेवटच्या तासाला पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की शिकवलेलं काही ऐकू जात नसे. मग फळ्यावर तीन अक्षरी शब्द लिहायचो आणि डस्टरने एकेक अक्षर झाकायचो. त्यातून ही 'झाकायची कोडी' तयार झाली. तुम्हाला फळा लागणार नाही, तोंडी चालतं.

पहिलं घ्या:
पहिलं झाकलं तर फणसात,
मधलं झाकलं तर वाटीत,
शेवटचं झाकलं तर दाराच्या चौकटीत.
काहीच झाकलं नाही तर कशातच मावत नाही.

दुसरं:
पहिलं झाकलं तर शालूच्या पदराला,
मधलं झाकलं तर माठातल्या पाण्याला,
शेवटचं झाकलं तर समुद्राला.
न झाकता सशाला.

तिसरं जरा अवघड, पुतण्यासाठी:
पहिलं झाकलं तर पाणी,
मधलं झाकलं तर यम,
शेवटचं झाकलं तर सदऱ्याला हवंच.
न झाकता डोळ्यात.

उत्तरं आज देत नाही. पण खरी मजा सोडवण्यापेक्षा रचण्यात आहे, आणि मुलांना ते लवकर जमतं. जोडाक्षर नसलेला तीन अक्षरी शब्द घ्यायचा. अक्षर गेलं की त्याचा काना, मात्रा, वेलांटीही त्याच्याबरोबर जाते, हे मुलीला आधी नीट सांगा. लहान मुलं 'का' मधला 'क' उचलतात आणि काना तिथेच लोंबकळत ठेवतात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक अक्षराला एक टाळी. जी टाळी गाळली, तिच्यातलं सगळं गेलं. उरलेल्या दोन टाळ्या ऐकून अर्थ लागतो का ते बघायचं.

तिन्ही बाजूंनी अर्थ लागणारे शब्द थोडे सापडतात. 'कमळ' सगळेच सुचवतात: मळ, कळ, कम. पण 'कम' हिंदी आहे, मी तो बाद करतो. पाचवीतल्या एका मुलीने 'कावळा' आणला होता: वळा, काळा, काव. काव म्हणजे भिंतीला लावतात तो गेरू. तिने रचलेली ओळ अशी होती: 'मधलं झाकलं तरी रंग जात नाही.' त्यापुढे मी माझं एकही कोडं त्या दिवशी घातलं नाही.

पुतण्याला 'वादळ' हा शब्द देतोय. उत्तर तयार आहे, कोडं त्याने रचायचं.

नागपुरी_संत्रं
आमच्याकडे हिंदी-मराठी दोन्ही कानांवर पडतं, म्हणून आजोबा अमीर खुस्रोच्या नावावरची कोडी घालायचे. रोटी का जळली, घोडा का अडला, पान का सडलं? तिन्हीला एकच उत्तर, 'फेरा न था'. मराठीतही ते जसंच्या तसं बसतं: भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का नासलं? न फिरवल्याने. (भाकरी फिरवण्याचं काम आता पुढाऱ्यांनी घेतलंय, ते सोडा.)

ते जुनं झालं म्हणून आम्ही भावंडांनी त्याच साच्यात नवीन केली. प्रश्न सगळे विचारून होईपर्यंत उत्तर द्यायचं नाही, हा एकच नियम.

धडा येईना का? उंदीर दिसेना का?
वाचला नाही.

घरात मांजर का शिरलं? खोलीत अंधार का? जेवायला उशीर का? काका का रुसले?
लावला नाही. (दरवाजा, दिवा, कुकर, फोन.)

'लावणे' हे क्रियापद म्हणजे खाण आहे. बसणे, काढणे, मोडणे, सोडणे यांवरही करून बघा. फक्त लिंग सांभाळा. 'दरवाजा लावला' आणि 'खिडकी लावली' एका उत्तरात बसत नाहीत, आणि मुलं नेमकी तिथेच पकडतात.

खडीसाखर
मी वाक्यात पदार्थ लपवते. 'काका, कडी लावा' यात काकडी आहे. 'काम का केलं नाहीस?' यात मका. 'गा जर येत असेल तर' यात गाजर. 'बाबा, इतक्यात नको बी पेरू' यात दोन आहेत, एक उघडं आणि एक लपलेलं. वाक्य सरळ वाचायचं, लपलेल्या ठिकाणी थांबायचं नाही आणि जोरही द्यायचा नाही. जोर दिलात की आजी पकडणारच.

आता पूर्ण जेवण:
'मी ठरवलं: सभा तहकूब करायची, पुस्तकाला आवरण घालायचं आणि तू पण मदत करायची.'
चार पदार्थ आहेत. लिंबू मात्र मला अजून कुठल्याच वाक्यात बसवता आलेलं नाही.

ज्यांना उलटसुलट वाचायची आवड आहे त्यांना 'ती होडी जाडी होती' आणि 'रामाला भाला मारा' द्या. 'तो कवी डालडा विकतो' पण चालेल, मात्र आधी डालडा म्हणजे काय ते सांगावं लागेल आणि ह्रस्व-दीर्घाकडे काणाडोळा करावा लागेल.

ठाणेकरीण
प्रवास परवा आहे, पण मला राहवलं नाही, रात्री जेवतानाच सुरू केलं.

मास्तर, पहिलं आईंनी सोडवलं. 'वाटीत' म्हटल्याबरोबर 'आमसुलाचं सार!' म्हणाल्या आणि तिथून उलट्या पायांनी सागरापर्यंत गेल्या. गाजर मुलीने सशावरून ओळखलं, पण 'गाज' म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. गुहागरच्या किनाऱ्यावर कळेलच. तिसऱ्याला दोन्ही मुलं पार गोंधळली. आई काही न बोलता उठल्या आणि काजळाची डबी ताटाशेजारी आणून ठेवली. पुतण्या त्यांच्यावर चिडलाय, कारण 'काज' त्याला आलं होतं.

वरण, भात, तूप मिळालं. मीठ कोणालाच मिळेना. शेवटी ते मी सांगितलं, तर आई म्हणाल्या, 'मीठ कधी दिसतं का, नसलं तरच कळतं.'

'लावला नाही' वर माझ्या नवऱ्याने पाचवा प्रश्न जोडला: 'आपल्या परसात आंबा का नाही?' गुहागरचं घर त्याच्या वडिलांचं आहे, त्यामुळे पुढे थोडा वेळ वेगळीच चर्चा झाली.

मुलीने स्वतः रचलं ते 'पाऊस'. पहिलं झाकलं तर रसवंतीत, मधलं झाकलं तर एसटीच्या खिडकीवर, शेवटचं झाकलं तर बाळाच्या तोंडात. बाळं पावाला 'पाऊ' म्हणतात असं तिचं म्हणणं. चालेल का?

पुतण्याचं 'वादळ':
पहिलं झाकलं तर जात्यावर,
मधलं झाकलं तर दोरीवर,
शेवटचं झाकलं तर आमच्या दोघांत,
न झाकता समुद्रावर.

मिरजेचे_मास्तर
'पाऊ' चालणार नाही. मुलीला सांगा, ऊस आणि पास याचे गुण दिले, तिसऱ्याचे राखून ठेवले. 'दळ' आणि 'वाळ' या आज्ञा आहेत, वस्तू नाहीत, तेव्हा पुतण्याच्या 'जात्यावर' आणि 'दोरीवर' यांबद्दल मी अर्धा गुण कापला असता. पण 'आमच्या दोघांत' ही ओळ वाचून तो परत दिला.

लिंबासाठी मी सकाळपासून बसलोय. 'लिं' वर संपणारा शब्दच मिळत नाही.

अति_शहाणा
तोवर लोणचं घ्या.